वेलदोड्याच्या डबीतल्या पट्ट्या

माझी नणंद प्लॅस्टिक चावून बघते. खोटं नाही सांगत. बीपीच्या मशीनची नळी हातात आली की आधी नखानं दाबणार, मग वास घेणार, आणि तरी मनाचं समाधान झालं नाही तर दाताखाली धरणार. मी लग्न होऊन जबलपूरच्या चेरीताल भागातल्या या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, बाई जरा चक्रमच दिसते. चाळीस वर्षं झाली, अजून तसंच वाटतं. फक्त आता मी ते कौतुकानं म्हणते.

नाव अनसूया. आमच्या ह्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली. आमच्या जबलपुरात घरटी एक तरी माणूस फॅक्टरीतलं असतं, नाहीतर रेल्वेतलं. आमच्याकडे दोन्ही. हे रेल्वेत, ताई फॅक्टरीत, आणि मी सैपाकघरात. ताईचं काम तपासणीचं. रबराच्या चकत्या, प्लॅस्टिकची झाकणं, वायरींवरची आवरणं तिच्या टेबलावर यायची. चांगलं ते पुढे जायचं, वाईटावर ती लाल रंगाचा ठिपका लावायची. एकदा मार्च अखेरीला साहेब म्हणाला, हे एक खोकं पास करून टाका, पुढे बघू. ताई त्या खोक्यावरच बसली आणि तिथंच डबा उघडून जेवली. खोकं परत गेलं. ताईलाही वर्षभर दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगत नाही. आमचे हे सांगतात, दर दिवाळीला, आणि दर वर्षी ते खोकं थोडं मोठं होतं.

रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात. ताईनं कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत एवढंसं दुकान घेतलं. बीपीच्या मशीन, शुगर बघायच्या मशीन, तापाचे थर्मामीटर, सगळं दुरुस्त करते. लोक तिला मशीनवाली दीदी म्हणतात. "दीदी, मशीन उल्टा-सीधा बता रही है," म्हणत कुणीतरी येतं आणि ताई चष्मा कपाळावरून खाली ओढते. तिचं एक ठरलेलं बोलणं आहे. म्हणते, मशीन खोटं नाही बोलत, तिच्या पोटातलं प्लॅस्टिक थकतं. बटणाखालचं रबर कडक होतं, स्क्रीनला जोडणारी पातळ पट्टी सुटते, नळीला न दिसणारी भेग पडते. आपण माणसं आकडा बघतो आणि घाबरतो. ताई आधी प्लॅस्टिक बघते.

आता गेल्या सालच्या महालक्ष्म्यांचं सांगते. हे सांगायला मला एक वर्ष लागलं आहे, तेव्हा मधे कुणी टोकू नका.

आमचं घराणं अमरावतीकडचं. तीन पिढ्या जबलपुरात गेल्या, मुलं आपसात हिंदीच बोलतात, पण महालक्ष्म्यांचं सोवळं काही सुटलेलं नाही. सासूबाईंनी मला सगळं हातात हात धरून शिकवलं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वरती टांगलेला फुलोरा. आणि एक नियम असा की त्या दिवसांत सैपाकघरात प्लॅस्टिक नको. पितळ चालतं, स्टील चालतं, मातीचं चालतं. म्हणून दरवर्षी आठवडाभर आधीच मी सगळे प्लॅस्टिकचे डबे, बरण्या, बाटल्या एका पोत्यात भरते आणि माळ्यावर टाकते.

ह्यांना शुगर. दोन वर्षं झाली, इन्सुलिन घेतात. शुगरची मशीन ताईनंच दिलेली, पट्ट्याही तिच्याच दुकानातून येतात. त्या पट्ट्यांची बोटभर बाटली चहाच्या डब्याशेजारी असायची, कारण हे सकाळी चहाच्या आधी बोट टोचून घेतात. त्या दिवशी फळी आवरताना ती बाटली हाती आली. प्लॅस्टिकची. मी विचार केला, बाटली गेली तर गेली, औषधाचं सामान तर हाताशी पाहिजे. वेलदोड्याची छोटी स्टीलची डबी रिकामी होती. पुसली, सगळ्या पट्ट्या तिच्यात ओतल्या आणि बाटली पोत्यात टाकली. चांगली चकचकीत डबी. मला उलट बरंच वाटलं.

बाहेर आठ दिवस झड लागलेली. पापड हातात वाकत होते, काडेपेटी घासून घासून जीव जात होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांची शुगर दोनशे दहा. मग दोनशे साठ. मग दोनशे नव्वद. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आकडा ऐकून इन्सुलिन दोन यूनिट वाढवलं. परत फोन, परत वाढवलं. आणि मी काय केलं? मी ह्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. फुलोऱ्यासाठी करंज्या, लाडू करून ठेवले होते. म्हटलं, तुम्ही रात्री उठून खाऊन राहिले, कबूल करा. हे म्हणाले, "अगं, देवाशप्पथ नाही." मी म्हटलं, देवाला मधे आणू नका, देव तर सैपाकघरातच आहे, त्याला सगळं दिसते. चांगलं खडसावलं त्यांना. तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

जेवणाचा दिवस उजाडला. नैवेद्य होईपर्यंत घरात कुणी खात नाही. मी ह्यांना म्हटलं होतं, तुम्ही दूध तरी घ्या. पण सकाळचा आकडा तीनशे वीस आला तसे तेच घाबरले. म्हणाले, नको बाप्पा, आज उपासच बरा. इन्सुलिन मात्र घेतलं, वाढवलेलं.

दुपारी एक वाजला. विनता सवाष्ण म्हणून येऊन बसली होती, आमच्या गल्लीतलीच. मी रेशमी नेसून सोवळ्यात, पुरणपोळ्या तव्यावर. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "कितना टाइम लगेगा! मार डालोगे क्या!" चाळीस वर्षांत हे माझ्यावर हिंदीत ओरडले नव्हते. मी बाहेर आले. हे खुर्चीत बसलेले, सदरा घामानं ओला, हात थरथरत होते. म्हटलं, काय होऊन राहिलं? तर म्हणाले, "ते... ते... खिडकी." खिडकीचं काय, ते काही सांगता येईना.

विनताला म्हटलं, मशीन लाव गं, मी सोवळ्यात आहे. तिनं डबीतली पट्टी काढली, बोट टोचलं. चारशे बारा.

चारशे बारा! विनता म्हणाली, "हाय राम, भाभी, इतना तो मैंने कभी सुना नहीं." डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, रीडिंग किती, मी सांगितलं. म्हणाले, लगेच दहा यूनिट द्या आणि दवाखान्यात घेऊन या. त्यांना तरी काय माहीत. मी घाम आल्याचं सांगितलंच नाही, आकडा तेवढा सांगितला.

मग मात्र सोवळं बाजूला ठेवलं. इन्सुलिनचं पेन मी स्वतः हातात घेतलं. मागचं चाक फिरवलं, टिक टिक करत दहावर आणलं. ह्यांचा सदरा वर केला. हे माझा हात ढकलत होते, डोळे भलतीकडेच. विनतानं त्यांचे खांदे धरले.

दारात ताई उभी होती. रेनकोटातून पाणी गळत होतं, जेवायला म्हणून दुकान बंद करून आलेली. तिनं चपला काढल्या नाहीत. सरळ आत आली.

"घाम काहून येऊन राहिला याला?"

मी म्हटलं, "ताई, शुगर चारशे बारा आहे, बाजूला व्हा."

तिनं ह्यांच्या कपाळाला हात लावला. "हा तर बर्फासारखा थंड आहे. माधवी, थांब."

"डॉक्टरांनी सांगितलं आहे!"

"थांब म्हटलं ना!" आणि तिनं माझं मनगट धरलं. ओल्या, वायरी डागायच्या राळेचा वास येणाऱ्या हातानं. आणि मी काय बोलावं? माझा नवरा समोर घामानं निथळत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, शिवू नका, मी सोवळ्यात आहे!" अजून आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

ताईनं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं पेन काढून घेतलं आणि रेनकोटच्या खिशात टाकलं. "पट्टी दे," विनताला म्हणाली. स्वतःचं बोट टोचलं, रक्त लावलं. आम्ही तिघी त्या एवढ्याशा स्क्रीनकडे बघत होतो. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

ताईला शुगर नाही. महिन्यापूर्वीच सगळी तपासणी झाली होती तिची.

"बघितलं? मी पण मरून राहिली का?" ती म्हणाली. "याची शुगर वाढली नाही, उतरली आहे. साखर आण. लवकर!"

मी जागची हलू शकले नाही. दहा यूनिट. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता, ते दहा यूनिट आता त्यांच्या अंगात असते. माझ्या हातानं. मी भिंत धरून तशीच उभी राहिले.

ताई स्वतः आत गेली. ओल्या चपलांनी, बाहेरच्या कपड्यांनी, उभ्या महालक्ष्म्यांच्या समोरून सोवळ्याच्या सैपाकघरात. साखरेचा डबा उघडला. समोर चांदीची वाटी होती, पंचामृताची, तीच उचलली, उरलेलं मोरीत ओतलं आणि तिच्यात साखरेचं पाणी कालवलं. विनता "अय्यो, दीदी!" एवढंच म्हणाली. ताई बाहेर येऊन ह्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"रामा, तोंड उघड. घोट घे. गीळ. अजून एक."

पहिला घोट ओघळून गेला. दुसरा गिळला. ताई प्रत्येक घोटानंतर थांबायची, गळा बघायची, मग पुढचा. घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. तव्यावरची पोळी जळल्याचा वास येत होता आणि कुणी उठत नव्हतं. मी मनातल्या मनात महालक्ष्म्यांना म्हटलं, सगळा नैवेद्य राहू द्या, मला काही नको, फक्त हा माणूस द्या. एक छत्तीसला हे म्हणाले, "ताई, तू एवढी भिजली काहून?"

मी तिथंच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

दवाखान्यात नेलं, तिथं रक्त तपासलं तेव्हा साखर पोटात जाऊनही ब्याऐंशी होती. डॉक्टर म्हणाले, वो दस यूनिट लग जाता तो बात अलग होती. ह्यांना रात्रभर ठेवून घेतलं. नैवेद्य संध्याकाळी पाच वाजता झाला, विनतानंच केला. मी घरी आले तेव्हा ताई सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, हातात वेलदोड्याची डबी. तिनं झाकण उघडलं, वास घेतला.

"बाटली कुठं आहे?"

"माळ्यावर. पोत्यात. सोवळ्यासाठी..."

तिनं एक पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "हे नुसतं प्लॅस्टिक नाही. टोकाला औषधाचा थर आहे, त्याला हवेतला ओलावा लागला की तो सडतो, मग काय वाटेल तो आकडा देतो. आणि त्या बाटलीच्या आतल्या भिंतीला ओल शोषणारं प्लॅस्टिक लावलेलं असते, झाकण घट्ट बसते. ती बाटली म्हणजे पट्टीचं घर आहे. तू घर काढून घेतलं, माधवी."

तेवढ्यात अंबरीशचा फोन आला. माझा मुलगा, बंगलोरला असतो; पट्ट्या खराब निघाल्याचं त्याला दवाखान्यातून कळवलं होतं. त्याच्या आदल्या साली मला सोवळ्यात चक्कर आली होती, तेव्हापासून तो हात धुऊन मागे लागलेला, आई, हे सगळं बंद कर, माझ्याकडे येऊन राहा. फोन स्पीकरवर होता. विनताही आवाज ऐकून आत आली. "पट्ट्या खराब कशा झाल्या?" तो ओरडत होता. "दिल्या कुणी? किसकी गलती है ये?"

मी तोंड उघडलं.

"माझ्या दुकानातल्या होत्या," ताई म्हणाली. "न तपासता दिल्या. माझी चूक आहे, बेटा."

अंबरीशनं तिला काय काय ऐकवलं ते मी इथं सांगत नाही. आत्या, तुझं वय झालं, दुकान बंद कर, हा त्यातला सगळ्यात मऊ शब्द. ताई "हो, हो," म्हणत होती. मी बाजूला उभी होते आणि मी गप्प राहिले.

रात्री ताई आमच्याकडेच राहिली. सकाळी मी तिला विचारलं, काहून असं बोलल्या? ती दात घासत होती, चूळ भरली, मग म्हणाली, "त्यानं तुला परत त्या सैपाकघरात उभं राहू दिलं नसतं. मला दुकान आहे. तुला तेच आहे." आणि जाताना डबी, पट्ट्यांसकट, पिशवीत टाकून घेऊन गेली.

मग सुरू झालं. विनतानं गल्लीत सांगितलं, गल्लीनं मंडळात. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या बायका माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन म्हणाल्या, ताईनं जन्मभर दुसऱ्यांच्या मालाला लाल ठिपके लावले, आता स्वतःलाच लागला. हसल्यासुद्धा. मी कप उचलून आत गेले. लोकांनी ताईकडे मशीन द्यायचं बंद केलं. कुणी म्हणे सिविल लाइंसला चांगलं दुकान आहे, कुणी म्हणे आता नवीनच घेऊ. हे मला विचारत, ताई अशी चूक करेल असं तुला वाटते का गं? मी म्हणायची, माणूस आहे, होते. काय जीभ म्हणावी माझी! ज्या माणसावर मी लाडूचोरीचा आळ घेतला, त्यालाही मी खरं सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी एकदा मी दुकानात गेले, फराळाचा डबा द्यायला. ताई एकटीच बसलेली. टेबल रिकामं. तिचे ते हात, सदा काहीतरी उघडून बसलेले, मांडीवर नुसते ठेवलेले होते. मी डबा ठेवला आणि तेवढ्यात विनता आली. तिची बीपीची मशीन ताईकडे पडून होती, ती परत न्यायला. म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना, रिपेअर नको. आमच्या ह्यांना हार्टचं आहे ना, रिस्क कोण घेईल?"

ताईनं मशीन पुढे सरकवली. नळीवर बोट फिरवत एवढंच म्हणाली, "इथं भेग आहे, विनता. कुणाकडेही दे, पण नळी बदलायला सांग."

तेव्हा मला ते सहन झालं नाही.

मी म्हटलं, "विनता, थांब. पट्ट्या चांगल्या होत्या. मी त्या बाटलीतून काढून वेलदोड्याच्या डबीत भरल्या. सोवळ्यासाठी. मी खराब केल्या."

"माधवी, राहू दे," ताई म्हणाली.

"नाही राहू देत." मी फोन काढला, अंबरीशला लावला, स्पीकरवर टाकला. त्याला ऑफिसमध्येच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. डबी, झड, लाडू, पेनवरचे दहा यूनिट, शिवू नका म्हणाले ते सुद्धा. विनता मशीन छातीशी धरून उभी. गल्लीतून स्कूटर जात होत्या.

अंबरीश म्हणाला, "आई, बाबा गेले असते."

मी म्हटलं, "हो."

"तुझ्या हातानं."

"हो. आणि आत्यानं वाचवलं, तिला तू दुकान बंद कर म्हणालास. आता तिला फोन कर. माझ्यावर नंतर ओरड, मी कुठं पळून नाही चालली."

मी फोन ठेवला. विनतानं मशीन टेबलावर परत ठेवली. खाली बघत म्हणाली, "दीदी, नळी... तुम्हीच बदलून द्या." आणि गेली.

ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. खण उघडला, तिथं ती डबी होती. तिनं आतल्या पट्ट्या कचऱ्यात ओतल्या. मग कोपऱ्यातली नेलपॉलिशची बाटली घेतली. हल्ली ठिपक्यांना ती तेच वापरते. डबीच्या झाकणावर बरोबर मधोमध एक लाल ठिपका लावला, फुंकर मारून वाळवला आणि डबी माझ्या हातात दिली.

"घे. घरी ने," म्हणाली. "वेलदोडेच ठेव यात."